जरीचा मोर

कुमुदच्या बाळाला आधीच घामोळं आलेलं, आणि आतेसासूबाईंचा एकच हेका, "बारशाच्या झबल्यावर जरीचा मोर हवा. चार लोक बघतात!"

"आत्याबाई, जरीचे टाके आतून टोचतात हो. कडेला सुती धावदोरा पुरे."

"काही टोचत नाही! तुम्हा पोरींना नुसता कंटाळा."

सांगून सांगून कुमुदचं तोंड दुखलं. शेवटी तिने मोर भरला, पण आत्याबाईंच्या उशीच्या अभ्र्यावर, आणि अभ्रा उलटा चढवला.

दुपारी आत्याबाई आडव्या झाल्या नि गाल चोळत उठल्या. "अगं, उलटी बाजू वर केलीस!"

"सुलटी बाजू लोकांची, उलटी बाळाची. तुम्हाला बाळाची दिली."

आत्याबाईंनी अभ्र्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मोर पाळण्याच्या झालरीवर भर."