पुसलेले फटके

“...म्हणजे ब्लेडच घ्यायचं ना, जेरबाई?” निनादनं विचारलं.

जेरबाई चहासाठी पुदिना खुडत राहिल्या.

पुदिना चांदीच्या चषकात लावलेला होता. व्हरांड्याच्या कठड्यावर असे आणखी काही चषक होते. एकात गवती चहा, एकात मिरची. एके काळी या बाईंनी गोल्फच्या मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या, आणि हाताशी आलेलं काही वाया घालवणं त्यांच्या पारशी स्वभावात बसत नव्हतं.

खंडाळ्याच्या वरच्या अंगाला एक जुनं गोल्फचं मैदान आहे. आता तिथं कुणी खेळत नाही, गवताची निगा म्हशी राखतात. त्याच्या कडेला बाईंचं कौलारू घर. आपण कुणाला शिकवत नाही, असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. तरी लोक येतात.

डावखुरा निनाद मगदूम इचलकरंजीहून यायचा. हात चांगला, डोकं चांगलं, आणि दोन्ही चांगलं असल्याची पक्की खबर खुद्द त्याला होती.

व्यावसायिक खेळाडू व्हायचं तर एक पात्रता स्पर्धा असते. निनाद तिथं दोनदा गेला आणि दोनदा परत आला. गेल्या वर्षी तर एका फटक्यानं हुकलं. शेवटच्या होलला वाऱ्यानं बॉल डावीकडच्या झाडीत नेला आणि तो सापडलाच नाही, हे त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर तो एकटाच परत जाऊन त्या झाडीत बॉल शोधत राहिला, हे मात्र फक्त जेरबाईंना.

आता तिसरी खेप, आणि शेवटची. या वेळी नाही जमलं तर मुकाट्यानं सूतगिरणीच्या ऑफिसात येऊन बसेन, असा शब्द त्यानं थोरल्या भावाला दिला होता. भावानं खुर्चीही आणून ठेवली होती.

म्हणून गोल्फच्या स्टिकचा नवा सेट. दांड्याची लांबी, पात्याचा कोन, मुठीची जाडी, सगळं त्याच्या अंगाच्या मापानं बनवून घेतलेलं. फक्त पाती कोणती, एवढंच ठरायचं राहिलं होतं. सेट बनवणाऱ्या पुण्याच्या स्टुडिओला ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

निनादनं दोन नमुने आणले होते. त्यानं ते चहाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

एक ब्लेड. घडीव पोलादाचं, एकसंध, सुरीसारखं पातळ. बॉल बरोबर मध्यावर लागला तर हाताला काही लागलंसं वाटत नाही. जरा सरकून लागला, की कोपरापर्यंत झिणझिण्या.

दुसरं रुंद, पाठीमागून कोरलेलं, कडांना वजन दिलेलं. चुकलेल्या फटक्यालाही सांभाळून घेणारं.

“हे का नको?” बाईंनी दुसऱ्याकडे बोट केलं.

“ते कच्च्या लिंबांसाठी असतं.”

“नी हे?”

“तुम्ही आयुष्यभर ब्लेडच खेळलात.”

“मी आयुष्यभर अंडंपण खाल्लं. तू खाणार?”

निनाद जैन होता.

त्यानं फोन काढला.

“बघा तरी. स्टुडिओत सगळं मोजलंय. प्रत्येक बॉल किती लांब गेला, किती उंच गेला. ब्लेडचे आकडे किती छान आलेत.”

जेरबाईंनी चष्मा लावला. फोन जवळ नेला, लांब नेला. पडद्यावर हिरवं मैदान होतं आणि त्यावर पांढरे ठिपके, एका जागी गोळा झालेले.

“सगळे इथेच पडले?”

“हो.”

“एकपण चुकला नाही?”

“चुकले ना. ते पुसले.”

“कोणी?”

“तिथं पद्धतच असते, जेरबाई. फटका वाईट गेला की आपण म्हणायचं, हा नको. मग ते पडद्यावरून काढून टाकतात. नाहीतर सरासरी बिघडते.”

“हां...” बाईंनी चष्मा उतरवला. “नी गेले कुठे ते?”

“कोण?”

“पुसलेले.”

निनाद हसला. बाई हसल्या नाहीत.

भाद्रपद संपत आला होता. दरीतलं धुकं दुपारपासून वर सरकत होतं. आधी ते लांबच्या झाडांवर बसलं, मग जवळच्या. बोलता बोलता फाटक दिसेनासं झालं, आणि पाठोपाठ सगळं मैदान. व्हरांडा तेवढा उरला, आणि त्याला लागून पांढरी शांतता.

जेरबाई उठल्या. काठी म्हणून त्या आपलंच एक जुनं आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याची गोल्फची स्टिक, उलटं धरून चालायच्या. पायऱ्यांशी त्यांनी बॉलच्या दोन टोपल्या ठेवल्या होत्या.

“पांढरे ब्लेडनं मार. पिवळे दुसऱ्यानं.”

“आत्ता? काही दिसत नाहीये.”

“मला तरी कुठे दिसतंय? म्हशी गोठ्यात आहेत. मार.”

निनादनं पहिला पिवळा बॉल मारला.

बॉल पात्यावरून निघाला आणि लगेच नाहीसा झाला. पडल्याचा आवाजही आला नाही. जणू तो पडलाच नव्हता, अजून कुठेतरी वर तरंगत होता.

सवयीनं त्यानं कमरेचा टॉवेल ओढून पातं पुसलं.

जेरबाईंनी हात पुढे केला.

“दे तो टॉवेल इकडे. आज पुसायचं नाही.”

टॉवेल त्यांनी स्वतःच्या खांद्यावर टाकला.

तो मारत राहिला. एरवी बॉल हवेत असताना तो मान वर करून बघत राहायचा, हात काय सांगतात ते ऐकायची सवडच नसायची. आज बघायला काही नव्हतं. पिवळे सगळे सारखे वाटले. प्रत्येक वेळी तोच मऊ, गुबगुबीत आवाज. पिवळे संपले.

मग पांढरे.

पहिला लागला आणि हाताला काहीच कळलं नाही. निनादच्या चेहऱ्यावर हसू आलं. दुसरा, तिसरा, तसेच. पुढचा पात्याच्या टोकावर लागला. दांडा मुठीत फिरला. त्यानं ओठ आवळले. एका बॉलच्या नुसत्या डोक्यावर पातं बसलं, कर्कश. पुढे पुन्हा दोन-तीन झकास.

शेवटचा टाचेवर लागला, जिथं पातं दांड्याला मिळतं तिथं. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

निनाद तसाच उभा राहिला, दांडा हातात धरून.

“जा,” जेरबाई म्हणाल्या. “घेऊन ये सगळे. आधी पिवळे.”

तो टोपली घेऊन धुक्यात शिरला. मागं वळून पाहिलं तर घर नव्हतं. फक्त आवाज होता. टक... टक... टक... जेरबाई आपल्या आयर्ननं पायरीवर ठोके देत होत्या, पोराला परत यायची वाट कळावी म्हणून.

पिवळे बरेचसे समोरच सापडले, जवळजवळ. पण टोपली भरेना. तो आणखी पुढे गेला, उजवीकडे गेला, डावीकडे गेला. कुठे शोधायचं तेच कळेना. पिवळा रंग तर लांबून दिसतो म्हणतात. धुकं त्याच्या पापण्यांवर साचलं. बूट भिजून जड झाले. एकदा त्याला वाटलं, आपण फार दूर आलो, आणि पाहतो तर पायाखाली आपल्याच बुटांचे ठसे होते.

ठोक्यांच्या मागानं तो परत आला.

“कमी आहेत.”

“मग राहिलेले कुठे गेले?”

“काय माहीत. हाताला तर सगळे चांगलेच लागले होते.”

“छान,” जेरबाई म्हणाल्या. “आता पांढरे.”

या वेळी तो हळू चालला. पण थांबला नाही.

चांगले लागलेले समोर होते. ते उचलले. मग पाय आपोआप उजवीकडे वळले. टोकाला लागलेला फार जाणार नाही, इथेच कुठेतरी... कारवीच्या झुडपाशी तो वाकला आणि ओल्या पानांत हात घातला. बॉल हाताला लागला.

डोक्यावर फटका बसलेला सरपटत गेला असणार, उतारावरून. तो उतारानं खाली गेला. पाण्याचा आवाज आला. ओहोळाच्या काठाला, दगडाला टेकून, तो पांढरा बॉल त्याची वाट बघत बसला होता.

एक राहिला.

तो कुठे आहे ते निनादला माहीत होतं. मघाशी मारला तेव्हापासून माहीत होतं. डावीकडे, अलीकडेच, झाडांच्या मुळाशी. त्या बाजूला जायला पाय तयार होईनात.

मग तो गेला.

झाडं धुक्यातून एकेक पुढे आली. कुठली झाडं, हे क्षणभर त्याला सांगता आलं नसतं. गेल्या वर्षीचीही अशीच होती, संध्याकाळची, गुडघ्याइतक्या गवतात उभी. तेव्हा तो काळोख पडेपर्यंत तिथं वाकून फिरला होता, आणि बॉल मिळाला असता तरी त्याचा काही उपयोग नव्हता. स्पर्धा दुपारीच संपली होती.

नेच्याच्या पानाखाली बॉल होता.

निनादनं तो लगेच उचलला नाही. त्याच्याशेजारी उकिडवा बसून राहिला.

टक... टक...

तो परत आला तेव्हा पांढरी टोपली भरलेली होती. बाईंनी त्याच्यापुढे चहा सरकवला.

“सगळे?”

“सगळे.”

“एवढ्या धुक्यात?”

“हाताला माहीत होतं.”

जेरबाईंनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली.

निनादनं ब्लेड उचललं. सवयीनं हात कमरेकडे गेला, मग बाईंच्या खांद्यावरच्या टॉवेलकडे. तिथून तो मागे आला. पात्यावर ओल्या गवताचा हिरवा डाग होता, पार टाचेच्या कडेला. तो बघत राहिला. अंगठा त्यानं डागाच्या बाजूनं फिरवला, डागावरून नाही.

“ब्लेडच कळवतो,” तो म्हणाला.

“मघाशी पण हेच म्हणत होतास.”

“हो.”

“मग एवढा भिजलास कशाला, दिकरा?”

निनादनं कप हातात घेतला. प्यायला नाही. केसांतून पाणी ओघळून त्याच्या मानेवर आलं, तेही त्यानं पुसलं नाही.

चषकांतला पुदिना धुक्यानं ओला झाला होता. आता पायऱ्याही दिसत नव्हत्या.

“वारा नव्हता, जेरबाई.”

बशी ओठांशी नेता नेता जेरबाई थांबल्या.

“गेल्या वर्षी. शेवटच्या होलला. पानसुद्धा हलत नव्हतं. टाचेला लागला होता. मारला तेव्हाच हाताला कळलं होतं... भीती वाटली होती मला. फार.”

जेरबाईंनी बशी खाली ठेवली. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या डोक्यावर टाकला आणि लहान पोराचे पुसावेत तसे त्याचे केस खसाखसा पुसले.

“हां...” त्या म्हणाल्या. “म्हणजे सापडला की रे तुझा बॉल.”