खिंडीतल्या शाळेची पाटी

आपल्या पणजीच्या पणजीलाही जी नुसती ऐकून ठाऊक होती, इतकी ही जुनी गोष्ट आहे. एका राणीच्या राज्यात घाटमाथ्यावर एक खिंड होती आणि त्या खिंडीत एक गाव होतं. खालून मिठाचे बैल वर चढायचे, वरून धान्याचे बैल खाली उतरायचे आणि मधल्या या गावात त्यांची मापं व्हायची. म्हणून त्या गावात ज्याला चटकन गुणाकार येई, त्याला लोक आपणहून बसायला घोंगडी टाकत.

गावाला एक शाळा होती. शाळा म्हणजे काय, एक लांब पडवी, बारा पोरं आणि एक गुरुजी. गुरुजींना पोरंबाळं नव्हती, जमीनजुमला नव्हता. तीस वर्षं त्यांनी त्या गावाला शिकवलं होतं आणि तीस वर्षं गावानं त्यांना पाळीपाळीनं जेवू घातलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आता स्वतः आजोबा झाली होती आणि तरी गुरुजी दिसले की खांद्यावरचं ओझं खाली ठेवून उभी राहायची.

शाळेत लिहायला धूळपाटी होती. धूळपाटी म्हणजे लाकडी फळी. तिच्यावर नदीची बारीक वाळू पसरायची आणि काडीनं त्यात अक्षरं काढायची. लिहून झालं की फळी हलवायची, सगळं साफ. खिंडीत वारा भारी. वारा सुटला की अर्धं गणित शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसे. पोरं डोळे चोळत, पुन्हा वाळू पसरत आणि पुन्हा लिहीत. तरी पोरं शिकत होती, हेही तितकंच खरं.

गुरुजींची तपासायची एक रीत होती. ते पाटीवर वाकायचे आणि करंगळीचं टोक अगदी हलक्या हातानं अक्षरावरून फिरवायचे. मग म्हणायचे, "बरोबर," किंवा, "पुन्हा कर." लोकांना वाटायचं, काय हो या माणसाची माया! पोरांची अक्षरं कशी कुरवाळतो!

पण ती नुसती माया नव्हती. गेल्या चार वर्षांत गुरुजींच्या डोळ्यांवर पडदा चढत आला होता. आधी लांबचा डोंगर गेला, मग माणसांचे चेहरे गेले. आता उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. पोरांना ते आवाजावरून ओळखत, गावाला पायरवावरून. पाढे, श्लोक, गणितं सगळं तोंडपाठ होतं, म्हणून कुणाला संशय आला नाही. वाळूत उमटलेली अक्षरं मात्र त्यांना बोटाला दिसायची. त्या वाळूवर त्यांची भाकरी होती, त्यांचा मान होता आणि त्यांचं सगळं आयुष्य होतं.

अशात एक दिवस राणीचा तपासनीस आला. त्याच्याबरोबर दोन बैल होते आणि त्यांच्या पाठीवर दगडी पाट्या होत्या. काळ्या, गुळगुळीत, लाकडी चौकटीत बसवलेल्या. त्यांवर पांढऱ्या लेखणीनं लिहायचं. वाऱ्यानं उडत नाही, घरी नेता येतं, आईला दाखवता येतं. राणीचा हुकूम असा होता की कुठल्याही शाळेवर नवी पाटी लादायची नाही. महिनाभर निम्म्या पोरांनी जुन्या पाटीवर लिहावं, निम्म्यांनी नव्या. मग गुरुजींनी गावासमोर सांगावं, पोरांचं भलं कशात आहे. जुनी ठेवायची ठरली तर या दगडी पाट्या पुढच्या गावाला जातील आणि पुन्हा या खिंडीत यायच्या नाहीत.

गुरुजींनी एक पाटी हातात घेतली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. तपासनिसानं तिच्यावर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहून दिलं होतं. गुरुजींच्या बोटाला काहीच लागलं नाही.

आता लहानांनो आणि थोरांनो, इथे जरा थांबा. त्याच घटकेला गुरुजींनी मनात ठरवून टाकलं होतं की ही पाटी नको. कारण नंतर शोधलं. आणि एकदा मनात ठरलं की कारणं काय, बोलावल्यासारखी धावत येतात. दगडी पाटीवर लिहिलेलं राहतं, मग पोरं ध्यानात कशाला ठेवतील? वाऱ्यानं पुसलं तरी जे मनात उरतं, तेच खरं शिक्षण. अशी छान छान वाक्यं गुरुजींना सुचली आणि सर्वांत वाईट म्हणजे ती त्यांना स्वतःलाही पटली.

दगडी पाटी मिळालेल्या सहा जणांत ठकू होती. नऊ वर्षांची पोर. तिची आई राही जात्यांना टाकी लावायची. गावोगाव हिंडून, गुळगुळीत झालेल्या जात्यांना छिन्नीनं पुन्हा खरबरीत करायची. दिवसभर दगडाशी झटून तिची बोटं सोलून निघत. तिची एकच इच्छा होती की पोरीनं मापं घालणाऱ्यांच्या ओळीत बसावं. आणि ठकू होतीच तशी हुशार. धूळपाटीवर वर्षभर तिची चूक म्हणून निघाली नव्हती.

पहिल्या दिवशी ठकूनं दगडी पाटीवर गणित केलं आणि पाटी पुढे केली. गुरुजी वाकले. काळोखावर काळोख, दुसरं काही नाही. काय म्हणावं? बरोबर म्हणावं आणि ते चुकलेलं निघालं, तर पोरं हसतील आणि बिंग फुटेल. चूक म्हणणं सोपं होतं. गुरुजी कडक आहेत म्हणून कुणी कधी तक्रार केली नव्हती.

"पुन्हा कर," गुरुजी म्हणाले.

ठकूनं पुन्हा केलं. तेच उत्तर आलं. गुरुजी पुन्हा तेच म्हणाले. बाकीच्या पाच जणांनाही असंच ऐकावं लागलं, पण त्यातले दोन निगरगट्ट होते, तिघं शेजाऱ्याकडे बघून लिहीत होते, त्यांना काय त्याचं! ठकूनं मात्र ते जिवाला लावून घेतलं. गुरुजींचा शब्द तिला देवाच्या जागी होता. गुरुजी चूक म्हणतात म्हणजे चूकच असणार. फक्त ती कुठे आहे हे आपल्याला दिसत नाही, म्हणजे आपलंच डोकं कमी पडतंय.

आठ दिवसांनी ती उत्तर लिहून पाटी छातीशी धरून बसू लागली. पंधरा दिवसांनी तिनं पाटी घरी न्यायचं सोडलं. आई विचारायची, आज काय लिहिलंस, दाखव की. ठकू म्हणायची, काही नाही. महिना भरत आला तेव्हा राही शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. खालच्या आवाजात म्हणाली की पोरीला झेपत नसेल तर राहू द्या गुरुजी, पुनवेपासून मी तिला टाकी धरायला माझ्याबरोबर नेते.

गुरुजींनी खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण महिन्याचे दोनच दिवस उरले होते. एकदा या पाट्या गेल्या की पोर पुन्हा वाळूवर लिहील, आपण पुन्हा बरोबर म्हणू आणि सगळं पहिल्यासारखं होईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. म्हणाले, "परवाच्या सभेपर्यंत थांब."

सभेला सगळं गाव पडवीसमोर जमलं. तपासनीस मधोमध बसला. गुरुजी उठले आणि त्यांनी आपली छान छान वाक्यं म्हटली. लोकांनी माना डोलावल्या. मग ते म्हणाले की माझ्या शब्दावर विसंबू नका, ठकूकडेच बघा. धूळपाटीवर ही पोर शाळेत पहिली होती. दगडी पाटी हातात आली आणि महिन्याभरात तिला साधा गुणाकार येईना. गावानं ठकूकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

तपासनीस भला माणूस होता. त्यानं तिला जवळ बोलावलं आणि एक सोपं गणित घातलं. एका बैलावर सात पायल्या मीठ, असे तेरा बैल, तर एकंदर किती पायल्या?

गुरुजींना लेखणीचा आवाज ऐकू आला. झरझर दोन आकडे लिहिले गेले. मग लेखणी थांबली. मग फडक्यानं पुसल्याचा आवाज आला. आणि मग पुन्हा लेखणी, पण आता हळू, अडखळत.

तपासनिसानं पाटी घेतली आणि वाचली. "सत्त्याऐंशी," तो म्हणाला आणि त्याला वाईट वाटलं.

गावानं उसासा सोडला. निकाल लागला होता. दगडी पाट्या जाणार होत्या, वाळू राहणार होती आणि गुरुजीही राहणार होते. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. पण तीस वर्षं पोरांत काढलेल्या माणसाचे कान ते. पोरगं झरझर लिहिलेलं का पुसतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांना राहवलं नाही.

"ठकू, आधी काय लिहिलं होतंस?"

"एक्याण्णव."

"मग पुसलंस का, बाळ?"

ठकू म्हणाली, "ते माझ्या मनात आलेलं होतं, गुरुजी. माझ्या मनातलं चुकतं."

गुरुजी खाली बसले. वाऱ्यानं पुसलं तरी मनात उरतं ते शिक्षण, असं आत्ताच ते मोठ्या तोंडानं बोलले होते. आणि या पोरीच्या मनात त्यांनी काय ठेवलं होतं, ते तिनं सगळ्या गावासमोर सांगितलं होतं.

बसल्या जागेवरून ते बोलले. "हिचं उत्तर बरोबर होतं. महिनाभर किती बरोबर होती, मला ठाऊक नाही. मी हिची पाटी एकदाही वाचलेली नाही. मला वाचता येत नाही. माझे डोळे गेलेत."

पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग राही उठली. तिचा आवाज चढला नाही, पण प्रत्येकाला ऐकू गेला.

"डोळे गेले म्हणाला असतात, तर अख्ख्या गावानं तुम्हाला हात धरून चालवलं असतं. उपाशी ठेवलं असतं का आम्ही? आता माझ्या पोरीचं जे गेलं, ते कुणाकडे मागू?"

गुरुजींनी तिच्या आवाजाच्या दिशेनं हात जोडले. राहीनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दगडी पाट्या शाळेत राहिल्या. पाट्या तपासायला दुसऱ्या गावाहून एक तरुण पंतोजी आला. गावानं गुरुजींचं जेवण बंद केलं नाही. ते पोरांकडून तोंडी पाढे म्हणून घेऊ लागले. पण त्यांना पाहून खांद्यावरचं ओझं खाली ठेवणारी माणसं आता तसंच ओझं घेऊन पुढे जाऊ लागली. गुरुजींना ते पायरवावरून कळायचं.

आणि ठकू? ती शाळेतच राहिली, लिहायचीही, पण नव्या पंतोजीनं बरोबर म्हटलं तरी तिला ते खरं वाटत नसे. ज्या तोंडातून चूक ऐकली, त्याच तोंडातून बरोबर ऐकल्याशिवाय तिचा जीव मानेना. म्हणून रोज शाळा सुटली की ती गुरुजींपाशी बसायची, पाटीवरचं गणित उत्तरासकट वाचून दाखवायची आणि वाट बघायची. गुरुजी मनातल्या मनात सोडवून म्हणायचे, "बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाऊस गेला, थंडी गेली, मिठाचे बैल दोनदा चढले आणि उतरले. महिन्याभरात केलेली मोडतोड दुरुस्त करायला दीड वर्ष लागलं. गुरुजींनी एकही दिवस चुकवला नाही, आजारी होते तेव्हासुद्धा नाही.

मग एका दुपारी ठकूनं एक अवघड गणित वाचून दाखवलं. गुरुजींनी मनात मांडलं, सोडवलं आणि चाचरत म्हणाले की पोरी, हे काही जमत नाही, कुठेतरी चुकलंय.

"नाही गुरुजी," ठकू म्हणाली. "बरोबर आहे. तुम्ही परत करून बघा."

गुरुजींनी परत केलं. चूक त्यांचीच होती, हातचा एक धरायचा राहिला होता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो पुष्कळ वेळ तसाच ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ठकू शाळा सुटल्यावर गुरुजींकडे आली नाही, सरळ खेळायला गेली.

बोध: दुसऱ्याचं भलं ठरवायला बसण्याआधी आपली भीती उघडपणे सांगून टाकावी; ती लपवली, तर तिची किंमत ज्यांचं भलं आपण ठरवत असतो, त्यांनाच मोजावी लागते.