दोरीवरचं लुगडं

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा नद्या माणसांशी बोलायच्या आणि माणसंही थांबून ऐकून घ्यायची, तेव्हा एका नदीकाठी रंगाऱ्यांचं गाव होतं. निळा रंग द्यावा तो त्यांनीच. तिथल्या चिमण्यांचे पायसुद्धा निळे, असं लोक म्हणत.

दर बारा वर्षांनी नदीला निळं लुगडं नेसवायचं, अशी तिथली रीत. यंदा तो मान एका म्हातारीच्या घरी आला. पण म्हातारीच्या डोळ्यांत केव्हाच धुकं उतरलेलं. म्हणून रंगवायचं काम तिच्या नव्या सुनेकडे आलं. नदीत रंग सुटला तर मान जायचा. आणि पुढच्या पाळीला आपण असू, याची खात्री खुद्द म्हातारीलाही नव्हती.

"पोरी, निळीच्या रांजणातून लुगडं काढलंस की दोरीवर घाल आणि निवांत बस," सासूने सांगितलं. "मग पुन्हा बुडव. असं सात वेळा."

बाकी सगळं सुनेला पटलं, बसणं तेवढं पटलं नाही. नव्या सुनेनं बसलेलं दिसू नये, हे माहेरून निघताना चारचौघींनी कानात सांगितलं होतं. शिवाय कुंपणापलीकडे शेजारीण होती.

"झालं का गं काम? नाही, आपलं सहज विचारलं हो!"

मग काय! सुनेने लुगडं बुडवलं, पिळलं, लगेच पुन्हा बुडवलं. सात कसले, सतरा वेळा. लुगड्यापेक्षा तीच जास्त रंगली. दुपारी तिने ते नदीत खळबळलं मात्र, आणि रंग ढगासारखा पसरत पाण्याबरोबर निघून गेला. हातात उरलं फिकट, डागाळलेलं कापड. सण परवावर आलेला. रांजणातली नीळही एका दिवसापुरतीच.

"आत्याबाई, रंग गेला," ती दारातूनच म्हणाली.

म्हातारी चाचपडत दारापाशी आली. मग तिने विचारलं, "बसलीस किती?"

"बसले नाही. सतरा वेळा बुडवलं."

"अगं बाई! त्या बिचाऱ्या लुगड्याला वाऱ्यावर श्वास तरी घेऊ द्यायचास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूने अंगणात चटई टाकायला लावली. सुनेने लुगडं बुडवून दोरीवर घातलं आणि दोघी शेजारी बसल्या.

"मला दिसत नाही. तू बघ आणि सांग."

"हिरवं आहे. कोवळ्या भातासारखं."

"असू दे. आता?"

सुनेचे हात शिवशिवत होते. तिने ते मांडीखाली दाबले. वाऱ्याने लुगडं हळूच फुगलं आणि कुणी स्वप्नात कूस बदलावी तसा रंग बदलू लागला.

"कडा निळी होतेय. मधे अजून शेवाळ्यासारखं... आता मोराची मान... आत्याबाई, आता सगळं निळं झालं!"

"मग ऊठ. बुडव."

लुगडं पुन्हा दोरीवर घालून सून बसते तोच कुंपणावर शेजारणीची मान उगवली. "सासू-सून दोघी बसून? मग काम कोण करतंय गं?"

"वारा," म्हातारी म्हणाली.

सुनेच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण ती उठली नाही. सात वेळा बुडवलं, सात वेळा बसली. सातव्या खेपेला त्या निळ्याला उपमाच सापडेना. ती नुसती बघत राहिली, आणि सासूनेही विचारलं नाही.

सणाच्या दिवशी बायकांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ते लुगडं प्रवाहावर पसरलं. नदीने ते ओढलं, पिळलं, खडकावर आपटलं. सारं गाव काठावर वाकून पाण्याचा रंग बघत होतं.

"पाणी कसं आहे गं?" सासूने सुनेचा दंड घट्ट धरला.

"नितळ आहे, आत्याबाई. तळातले खडे दिसताहेत."

म्हातारीने दंड सोडला, आणि चपला काढून लुगड्याला हात लावायला ती एकटीच पाण्यात उतरली.

तात्पर्य : थांबणं हाही कामाचाच भाग आहे; ज्याला थांबता येतं, त्याच्याच कामाचा रंग टिकतो.