चालून पाहिलेला शंख

समुद्राला खारट होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. शंखात राहणाऱ्या यमू खेकडीला एकटीनेच पलीकडची खाडी गाठायची होती. वाटेत सगळी उघडी वाळू, आणि वर टपलेली घार. जुना शंख अंगाला घट्ट झाला होता. खेकड्यांची रीत अशी, की नवा शंख आत बसूनच पारखायचा.

"हा घे, राजवाडा आहे!" भागाआत्याने जाडजूड शंख दाखवला.

यमू आत बसली, आणि तशीच चालायला लागली. चार पावलांत धाप लागली. मग तिने जेमतेम अंगाएवढा, हलका शंख निवडला.

"अगं, यात हातपाय कसे पसरशील?"

"हातपाय चालायला ठेवलेत, आत्या!"

अर्ध्या वाटेवर घार झेपावली. यमू तुरुतुरु पळत खडकाच्या फटीत शिरली. घारीच्या नखांत नुसती वाळू आली.

आतून यमू ओरडली, "एकटीपुरतंच घर आहे गं बाई, तुला बस म्हणायला जागा नाही!"