काठिण्यपातळी कोणी ठरवावी

एकदा एक तळे होते. तळे म्हटले की काठावर एक ज्ञानी वृद्ध हवाच, आणि तो तिथे होताही. सकाळी तळ्यावर धुके असे, दुपारी ऊन असे, आणि संध्याकाळी या दोहोंपैकी नेमके काय आहे हे सांगता येऊ नये असा एक राखी-सोनेरी उजेड असे. वृद्ध ओसरीवर बसून त्या उजेडाकडे पाहत राही. लोक समजत की तो ध्यान करतो आहे. हा समज दूर करण्याची घाई त्यानेही केली नव्हती.

त्याच्याकडे एक व्हिडिओ गेम होता. पूर्वी शिष्य गुरूला दक्षिणा म्हणून गाय देत. पण गाईला चारा लागतो आणि तिचे शेण काढावे लागते. परदेशी गेलेल्या एका शिष्याने काळ ओळखून आपला गेम, मोठा पडदा आणि दोन कंट्रोलर गुरुचरणी ठेवले होते.

त्या खेळात एक नदीकाठचा प्रदेश होता. नावाड्यावाचून वाहत जाणाऱ्या नावा, पाण्यातून उगवून आकाशात जाणारे पांढरे पक्षी, आणि फार दूर, धुक्यात अर्धा बुडालेला एक पांढऱ्या दगडाचा पूल. पुलाच्या तोंडाशी शेवाळलेला पाषाणाचा द्वारपाल उभा होता. एकट्याने किंवा दोघांनी मिळून चालत जायचे आणि द्वारपालाला हरवून पूल ओलांडायचा, एवढाच खेळ. वाटेत कोणी पडला तर त्याची फिकट सावली होऊन काठावर पडून राही. जोडीदाराने मागे येऊन हात लावला की तो उठे. जोडीदार आला नाही तर सावलीने पडल्या पडल्या पाहत राहायचे. आणि अशा सर्व खेळांप्रमाणे हाही खेळ आरंभी विचारी की काठिण्यपातळी कोणती हवी: सोपी, मध्यम, कठीण की अतिकठीण.

वृद्धाचा एक शिष्य भांड्यांचा व्यापारी होता. दिवसभर दुकान आणि सुटीच्या दिवशी मोक्ष, अशी त्याची वाटणी होती. गुरूची विद्या घेण्यापेक्षा गुरूच्या वस्तू घेणे सुलभ असते, म्हणून त्याने तोच गेम घरी आणून ठेवला होता. एके दुपारी तो उतरलेल्या चेहऱ्याने ओसरीवर येऊन बसला.

"गुरुजी, तो द्वारपाल पाडायचा कसा, तेवढं शिकवा."

"कशासाठी?"

"म्हणजे? पाडण्यासाठी."

"आणि पाडून?"

शिष्य घुटमळला. भांडी विकताना तो इतका कधी घुटमळत नसे.

"ती परत येऊन बसेल," तो म्हणाला.

मग त्याने सांगितले. मुलगी लग्न होऊन गेल्यावर घरात तो आणि त्याची पत्नी कुमुदिनी एवढेच उरले होते. बोलणे होई, पण ते गॅस संपल्याचे आणि नळाला पाणी आल्याचे. अशात एका संध्याकाळी तो एकटाच खेळत असताना ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, तो दुसरा इकडे द्या. त्या दिवसापासून दिवेलागणीला दोघे त्या नदीकाठाने हिंडू लागले. ती मध्येच थांबून पक्षी बघे, भलत्याच नावेत चढे, आणि हसे. आपली बायको अशी हसते हे तो विसरून गेला होता.

"मग बिघडलं कुठे?"

"तिला जमेना. भांडी व्यापारी संघाच्या बैठकीत गेमचा विषय निघाला. आमचे अध्यक्ष म्हणाले, सोपी पातळी? ती लहान पोरांसाठी असते हो, तुम्ही कार्यकारिणीवर आहात. मला लागलं ते. घरी जाऊन सरळ अतिकठीण लावली."

"तिला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? चांगल्यासाठीच लावली. पण ती कंटाळली. एक दिवस कंट्रोलर खाली ठेवून म्हणाली, तुमचं चालू द्या. आता मी बाहेर खेळतो आणि ती आत कोथिंबीर निवडत बसते. रोज निवडावी इतकी कोथिंबीर आम्हाला लागत नाही, गुरुजी. दिवसातली तेवढी एकच वेळ होती आमची, ती गेली. वाटतं, तो द्वारपाल एकदा पाडला, मोठा आवाज झाला, की ती बघायला तरी बाहेर येईल."

 वृद्धाने पडदा लावला, एक कंट्रोलर शिष्याच्या हाती दिला, आणि त्याला काहीही न विचारता अतिकठीण पातळी निवडली. गुरूने आपली योग्यता ओळखली म्हणून शिष्य सुखावला.

हे सुख फार टिकले नाही. वृद्ध वाऱ्यासारखा पुढे निघून गेला आणि शिष्य मागे राहिला. त्या पातळीवर मागे राहणाऱ्याची गय नसते. वेतांच्या बेटातून सपसप बाण आले आणि शिष्य आडवा झाला.

"गुरुजी, मी पडलो."

"हं."

"हात लावा ना. उठतो."

"आलोच. हा एवढा झाला की आलो."

तो एवढा झाला, आणि मग त्याच्या पुढचा तेवढा झाला. वृद्ध गुणगुणत पुढे पुढे जात होता. शिष्याने कंट्रोलरवरची सगळी बटणे दाबून पाहिली. पडद्यावर काहीच हलले नाही.

"बघ, बघ! कसा चुकवला!"

"बघतोय. दुसरं काय करतोय?"

"मजा येते आहे ना?"

"कोणाला?"

वृद्धाने ते ऐकले नसावे, किंवा त्याला ऐकायचे नव्हते.

ओसरीवरचे ऊन कलले. शिष्य आपल्या फिकट सावलीकडे पाहत राहिला. तिच्यावरून नदीचा उजेड सरकत होता. तिच्या उशापासून पांढरे पक्षी उठत होते आणि वर जाऊन दिसेनासे होत होते. खेळातले पाणी वाजत होते, समोरचे तळेही वाजत होते, आणि थोड्या वेळाने त्याला कोणता आवाज कुठला हे कळेना. आपण ओसरीवर बसलो आहोत की त्या काठावर पडलो आहोत, हेही धूसर झाले. दूर धुक्यात एक इवलीशी झळझळती आकृती पुलाकडे जात होती. ती आपल्या ओळखीची आहे, तिला हाक मारली तर ऐकू जाईल, पण ती फिरणार नाही, असे काहीसे त्याला स्वप्नात वाटावे तसे वाटले. राग आला होता, तोही हळूहळू विरला. उरले ते एवढेच की आपण इथे असलो काय आणि नसलो काय.

मग मोठा आवाज झाला. द्वारपाल दुभंगून नदीत कोसळला. वृद्धाने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि प्रसन्न मुद्रेने वळून तो म्हणाला, "जिंकलो आपण!"

"आपण?" शिष्य म्हणाला.

तो शब्द तोंडातून गेला आणि त्याने कंट्रोलर खाली ठेवला. 

"मीही तिला असंच म्हणायचो," तो म्हणाला. "आलोच म्हणायचो. आणि मग म्हणायचो, बघ, आपण कुठवर आलो."

वृद्ध म्हणाला, "अवघड खेळण्यात वाईट काही नाही, शेठ. मी एकटा असलो की हीच पातळी लावतो. मला अधूनमधून हरायला आवडतं, आणि या ओसरीवर येणारे सगळे माझ्या पाया पडतात. मग हरवायचं कोणी? पण लहान मूल अवघड मागतं ते मोठं होण्यासाठी. तू मोठा झाला आहेस, केस सांगतात. गिऱ्हाईक, उधारी, गुडघा, सगळं तुला दिवसभर अवघडच मिळतं. तरीही संध्याकाळी आणखी अवघड मागावंसं वाटलं तर जरूर मागावं, मात्र कोणाला दाखवायला मागतो आहोत हे स्वतःला विचारून. पातळी म्हणजे बढती नव्हे. तू खेळायला बसलास बायकोबरोबर, आणि पातळी निवडलीस अध्यक्षांसाठी."

शिष्याने नमस्कार केला आणि तो घाईघाईने घरी गेला. उपदेश ताजा असतानाच वापरून टाकावा, अशी त्याची समजूत होती.

घरी त्याने पडदा लावला, ‘सोपी’वर खूण आणून ठेवली आणि उदार आवाजात हाक मारली, "ये गं. तुझ्यासाठी सोपं करून ठेवलंय."

कुमुदिनी ओल्या हातांनी बाहेर आली आणि पडद्याकडे पाहत उभी राहिली.

"माझ्यासाठी?"

"हो. आता पडणार नाहीस."

"म्हणजे मी पडते म्हणून उठून गेले, असं वाटलं होय तुम्हाला?"

"मग?"

"अहो, स्कूटर शिकताना मी तुमच्या दुकानात घुसले होते. थेट पातेल्यांच्या उतरंडीत. सगळा बाजार हसला. सोडली का मी स्कूटर?"

"नाही."

"का नाही सोडली? तुम्ही धावत आलात आणि आधी मला उचललंत. पातेली मागाहून. इथे मी तासभर नदीवर पडलेली, आणि तुम्ही आपले, आलोच, आलोच. मला पडण्याचं काही नाही हो. तिथे एकटीनं पडून राहावं लागायचं, ते नको झालं."

गुरूकडून आणलेला उपदेश या प्रसंगाला पुरत नाही, हे शिष्याच्या ध्यानात आले. त्याने दुसरे काही न सुचून आपला कंट्रोलर तिच्यापुढे धरला.

"तू ठरव."

तिने पदराला हात पुसले आणि ती नीट मांडी घालून बसली. प्रत्येक पातळीखाली बारीक अक्षरांत काही माहिती दिलेली होती. शिष्याने ती कधी वाचली नव्हती. संघाच्या अध्यक्षांनीही वाचली नसावी. तिने चारही वाचल्या, ओठ हलवत, सावकाश. मग ‘कठीण’वर खूण ठेवली.

"अगं, सोपी..."

"सोपी झाली खेळून. आणि अतिकठीण तुमच्या कार्यकारिणीला राहू द्या. ही लावते. पण मी पडले की मागे यायचं. तो द्वारपाल दगडाचा आहे, तो कुठे पळून जात नाही."

ते निघाले. नदीवर तेच धुके होते, त्याच नावा होत्या. बरेच अंतर गेल्यावर, शिष्य पुलाच्या तोंडाशी पोचला असताना, मागे ती पडली. त्याच्यासमोर द्वारपालाच्या छातीला तडा गेला होता. आणखी दोन घाव बसले असते तर काम झाले असते. त्याचा अंगठा बटणावर गेला.  शेजारी ती नुसती पडद्याकडे पाहत होती.

तो मागे फिरला. पाठीमागे द्वारपालाचा तडा हळूहळू मिटल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता, आणि तो आवाज अगदीच सुखाचा होता असे म्हणणे खोटे ठरेल. काठावर येऊन त्याने तिच्या सावलीला हात लावला. ती उठली. लगेच मागून बाण आला आणि तोच आडवा झाला.

"अरे देवा!" ती म्हणाली. "मला उचलायला आलात, आणि स्वतःच निजलात!" आणि ती हसली, भलत्याच नावेत चढल्यावर हसायची तशी.

पुढच्या सुटीला शिष्य तळ्याकाठी गेला.

"ओलांडला पूल?" वृद्धाने विचारले.

"नाही."

"नाही? सोपी लावूनही?"

"सोपी नाही, कठीण. तिनं निवडली." आणि मग त्याने स्कूटर व पातेल्यांसह घडले ते सांगितले. "रोज पडतो आम्ही, गुरुजी. कधी ती, कधी मी. जो उभा असेल तो मागे येतो. पूल अजून आहे तिथेच आहे."

वृद्ध तळ्याकडे पाहत राहिला. या वेळी तो खरोखरच ध्यान करीत असावा.

"हे मी तुला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"नाही."

"मला ठाऊकही नव्हतं. एवढी वर्षं तो पूल ओलांडतो आहे मी, पण एकटाच. पडलो की पडलो, पुन्हा पहिल्यापासून. मागे फिरून कोणाला उचलायची वेळ कधी आलीच नाही. त्या दिवशी तू पडलास तेव्हा ती आली होती, पण मी शिकवण्यात गुंतलो होतो."

उन्हाला अजून तो राखी रंग चढला नव्हता. दिवेलागणीला घरी पोचायला शिष्याला पुष्कळ अवकाश होता. तो पायरीपर्यंत गेला, तिथे थोडा थांबला, परत आला आणि त्याने खाली बसून दुसरा कंट्रोलर उचलला.

वृद्धाने पडदा लावला. चार पातळ्या समोर उजळल्या. सवयीने त्याचा अंगठा शेवटच्या पातळीकडे निघाला होता, तो अर्ध्यावर थबकला.

"शेठ," तो जरा अवघडून म्हणाला, "कोणती लावू?"