देवस्थळी सरांचा चहा

"तिला काढायचं की ठेवायचं, एवढंच सांगा, भन्तेजी."

देवस्थळी सरांनी चिठ्ठी पुढे केली. गोदा हाके, वय वर्षे सात, हिला चिनी वाचता येत नाही, सबब सोमवारपासून खालच्या गावातल्या शाळेत पाठवावे. फक्त सही राहिली होती.

भन्ते सुमेध व्हरांड्यात शेंगा सोलत बसले होते. तीस वर्षं चीनमधल्या एका विहारात काढून म्हातारपणी ते या टेकडीवर परतले आणि त्यांनी ही शाळा काढली. इथली सूत्रं कधीकाळी तिकडे गेली आणि तिथल्या लिपीत राहिली. ती पोरांनी वाचावीत, एवढीच त्यांची हौस. शाळेचा नियम एकच. वर्गाच्या उंबऱ्याबाहेर हवी ती भाषा बोला. आत पाऊल टाकलं की फक्त चिनी. पाणी मागायचं तरी चिनीत.

देवस्थळी सर बीजिंगला शिकलेले. पाच हजार अक्षरं त्यांना तोंडपाठ होती, आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगत. माणूस वाईट नव्हता. मुलांवर जीव होता त्यांचा; मुलांच्या उच्चारांवर जरा जास्तच होता.

"काय येत नाही तिला?"

"तोंडच उघडत नाही. बाकीची घडाघडा वाचतात. ही फळ्याकडे नुसती बघत बसते."

"बघत बसते..."

"तुम्हीच या ना वर्गात. एकदा बघा आणि सही करा."

भन्ते उठले. चीवरावरची टरफलं झटकली आणि निघाले.

गोदाला चिठ्ठीची कुणकुण लागली होती. सकाळपासून तिने दप्तर उघडलंच नव्हतं. ते मांडीवर घेऊन ती कोपऱ्यात बसली होती.

सरांचा चहा खिडकीत निवत पडला होता. भन्तेंनी जाता जाता कपात डोकावून पाहिलं. मग खडू घेतला आणि फळ्यावर आठ अक्षरं लिहिली. अर्थ साधाच होता: सरांच्या चहात मुंग्या आहेत.

सरांचे डोळे चमकले.

वाक्याच्या शेवटी लागोपाठ चार बुडीचे सूर! आवाज खाली जाऊन वर येतो, तो हा सूर. भल्याभल्यांची जीभ तिथे अडखळते. असं वाक्य शोधून सापडत नाही.

"सगळ्यांनी एकदम!" सर चिनीत म्हणाले आणि त्यांनी पट्टी उचलली.

"सरांच्या चहात मुंग्या आहेत!" पोरं पट्टीवर नजर ठेवून ओरडली.

"पुन्हा. शेवटचा सूर नीट बुडू दे."

"सरांच्या चहात मुंग्या आहेत!"

"पुन्हा!"

तिसऱ्या खेपेला इतकं सुरेख जमलं की सरांना अगदी भरून आलं. फळ्याकडे कौतुकाने बघत त्यांनी कप उचलला.

गोदा उठली. दप्तर खाली पडलं, तिकडे तिने पाहिलंही नाही. तडक येऊन तिने सरांच्या हातातला कप काढून घेतला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरला.



सरांनी कप मागितला. तिने मान हलवली. शेवटी सरांनी तो ओढून घेतला, अर्धा चहा सदऱ्यावर सांडला, आणि ते तरातरा व्हरांड्यात आले. भन्ते मागोमाग सावकाश आले.

"पाहिलंत?" सर आता मराठीत तापले होते. "सगळा वर्ग वाचतोय, आणि ही माझा कप पळवते! एक अक्षर तरी वाचलं का तिने?"

"तुम्ही वाचलंत?"

"मी?" सरांना हसूच आलं. "भन्तेजी, पाच हजार अक्षरं..."

"हो हो. ते ठाऊक आहे."

भन्ते खाली बसले. चिठ्ठी मांडीवर घेतली, सुरकुती नीट केली, पेनाचं टोपण काढलं. दारातून गोदा बघत होती.

"मग करताय ना सही?"

"करतो की," भन्ते म्हणाले. "तुम्ही तेवढा चहा पिऊन घ्या."