रंध्याची कूस

हत्यारं बोलायची आणि सुतार ऐकून घ्यायचे, त्या काळची गोष्ट. बाबल मेस्त्रींना देव्हाऱ्याच्या चौकटीचे कोपरे तासायचे होते. त्यासाठी रंधा कुशीवर आडवा पाडून चालवावा लागतो. थोरला रंधा लगेच पुढे सरसावला. "मेस्त्री, माझा तळ बघा, नुसता आरसा आहे!"

मेस्त्रींनी त्याच्या तळाला आणि कुशीला काटकोनी गुण्या लावला. मधून उजेड दिसला.

"कूस वाकडी आहे तुझी."

"कूस झोपायला असते, मेस्त्री. तिच्याकडे कोण बघतं?"

मेस्त्रींनी धाकट्या, डागाळलेल्या रंध्याला गुण्या लावला. उजेड दिसला नाही. त्याने तासलेले कोपरे बिनफटीचे जुळले.

संध्याकाळी मेस्त्रींनी थोरल्याला रोजच्यासारखं कुशीवर निजवलं. इतकी वर्षं आपण तिरके झोपत होतो, हे त्याला आज कळलं. मग काही केल्या त्याला झोप लागेना.